तुकड्यांची मूठ: स्पेसर आणि जुळणी पिना बसवण्याची रीत

पितळेचा गार्ड, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधला आडवा तुकडा, त्यामागे काळ्या फायबरची पातळ चकती, मग तांबे, पुन्हा काळी चकती आणि शेवटी लाकूड. मधल्या या चकत्यांनाच स्पेसर म्हणतात. सुरीची अशी नीट बसलेली मूठ हातात घेतली की सांध्यांवरून बोट फिरवावेसे वाटते. नखाला काही अडत नाही, काळ्या रेघा वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीच्या दिसतात. अशी मूठ करायला बसलेला नवखा माणूस पहिला प्रश्न गोंदाचा विचारतो: इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) कोणते, आणि किती वेळ आवळून ठेवायचे? माझ्या मते गोंद हा या कामातला सर्वांत शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. गोंदाचा डबा उघडण्याआधी ती मूठ कोरडीच, नुसत्या पिनांवर, दहा वेळा जोडता आणि दहा वेळा सोडवता आली पाहिजे. दर वेळी प्रत्येक तुकडा होता तिथेच परतला पाहिजे. म्हणून या लेखाचा मोठा भाग कोरड्या जुळणीवर खर्च केला आहे.

ओले इपॉक्सी वंगणासारखे वागते. तुकडे एकावर एक ठेवून क्लॅम्प आवळला की एक चकती खाली घसरते, दुसरी किंचित गिरकी घेते. माझ्या दुसऱ्या सुरीत नेमके हेच झाले. गोंद वाळेपर्यंत काही कळले नाही. मग मुठीला गोलाई देऊ लागलो तेव्हा पितळेच्या चकतीची कड एका बाजूला लाकडाच्या आत राहिलेली दिसली. ती कड गाठण्यासाठी आजूबाजूचे लाकूड घासत गेलो आणि मूठ हाताला बारीक झाली. त्यानंतर जुळणी पिनांशिवाय मी अशी मूठ जोडलेली नाही.

जुळणी पिन म्हणजे दीड ते दोन मिलिमीटर जाडीची बारीक सळई. ती गार्ड, स्पेसर आणि लाकडाचा ठोकळा यांच्या भोकांतून आडव्या घसरणीला आणि फिरण्याला अटकाव करते. मूठ पात्याला धरून ठेवण्याचे काम मुख्यतः पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या शेपटीचे आणि गोंदाचे असते. पिनेकडून आपल्याला जागेची खूण हवी असते. एक पिन असेल तर तुकडे तिच्याभोवती फिरू शकतात, म्हणून कमीत कमी दोन लागतात.

कोणत्या मुठीबद्दल बोलतो आहोत

पात्याची मुठीत शिरणारी अरुंद शेपटी, म्हणजे टँग, पूर्ण झाकली जाते अशी मूठ इथे गृहीत धरली आहे. शेपटीच्या दोन्ही बाजूंना पात्याचे खांदे असतात आणि गार्ड त्या खांद्यांना टेकून बसतो. तलवारीच्या मुठीत ज्याला परज म्हणतात त्याचाच हा छोटा भाऊ. त्याच्या मागे स्पेसरची चळत, मग मुख्य ठोकळा, हवी असेल तर शेवटी टोपी.

प्रत्येक तुकड्यांच्या मुठीला पिना लागतातच असे नाही. फिनलंडच्या पुक्को सुऱ्यांमध्ये बर्चच्या सालीच्या किंवा चामड्याच्या चकत्या शेपटीवर ओवतात. अमेरिकन मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेल्या सुरीची मूठही चामड्याच्या चकत्यांचीच आहे. तिथे सगळे थर एकाच मऊ वस्तूचे असतात, शेपटी आरपार जाते, शेवटी सगळे दाबून पक्के करतात आणि मग एकदमच घासून आकार देतात. थर थोडेफार सरकले तरी बिघडत नाही. आपल्या मुठीत एक थर धातूचा, एक फायबरचा, एक लाकडाचा. गार्ड वेगळा काढून चमकवायचा आणि पुन्हा बसवायचा. अशा मुठीला पिनांशिवाय पर्याय नाही असे मला वाटते.

सामग्रीबद्दल थोडक्यात. पितळ कापायला आणि भोक पाडायला सुखाचे. तांबे चिकट, ड्रिलच्या बिटाला धरते, त्याला तेलाचा एखादा थेंब लागतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, पितळेपेक्षा हळू काळवंडतो. जी-१० म्हणजे इपॉक्सीत बसवलेले काचेच्या धाग्यांचे कापड. ते पाणी जवळजवळ पित नाही, पण साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार लवकर घालवते. व्हल्कनाइज्ड फायबर कागदाच्या जातीचे असते, ०.५ ते १ मिलिमीटर जाडीत मिळते, सहज कापले जाते, मात्र ओल शोषते. लाकूड ओलाव्याने आडवे फुगते आणि सुकल्यावर आकसते, धातू तसा वागत नाही. त्यामुळे ओले लाकूड धातूला चिकटवले तर काही महिन्यांनी सांध्यावर पायरी लागते. पूर्ण सुकलेले लाकूड घ्या, किंवा निर्वात पोकळीत राळ मुरवून स्थिर केलेले घ्या. पहिल्या मुठीसाठी मी पितळ आणि काळे फायबर सुचवेन. दोन्ही चुका पोटात घालतात.

आधी कागदावर

मुठीची तयार झाल्यावरची समोरची बाजू, म्हणजे गार्डला टेकणारा छेद, कागदावर खऱ्या मापात काढा. समजा तयार मूठ तिथे २६ मिलिमीटर उंच आणि १८ मिलिमीटर रुंद असणार आहे. शेपटी १२ मिलिमीटर उंच, ४ मिलिमीटर जाड. मग शेपटीच्या वर आणि खाली ७-७ मिलिमीटर जागा उरते. २ मिलिमीटरची पिन त्या जागेच्या मध्यावर घेतली तर तिच्या दोन्ही अंगांना अडीच मिलिमीटर माल राहतो. एवढा पुरेसा आहे. दीड मिलिमीटरच्या खाली गेलात तर गोलाई देताना पिन उघडी पडण्याची भीती असते, आणि लाकडात उघडी पडलेली पितळी पिन लपवायला काहीही उपाय नाही.

आता या दोनपैकी एक पिन मध्यरेषेपासून दीड-दोन मिलिमीटर बाजूला सरकवा. मुद्दाम. दोन्ही पिना मध्यरेषेवर सारख्या अंतरावर असल्या तर चकती उलटसुलट कशीही बसते, आणि हाताने पाडलेली भोके कधीच इतकी तंतोतंत नसतात की उलटी चकतीही नेमकी जुळेल. एक पिन बाजूला असली की चकती एकाच रीतीने बसते. शिवाय प्रत्येक चकतीच्या वरच्या कडेला बारीक कानशीने एक खाच मारून ठेवा. ती कड शेवटी घासली जाणारच असते.

तुकडे मात्र तयार मापाचे कापू नका. २६ बाय १८ च्या मुठीसाठी चकत्या आणि ठोकळा ३४ बाय २६ च्या आसपास ठेवा.

सपाटी

सांध्यात फट दिसली की लोक पिनांना दोष देतात. बहुतेक वेळा पृष्ठभाग सपाट नसतो.

आठ-दहा मिलिमीटर जाडीची काच घ्या, तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर कडांपर्यंत ताणून चिकटवा. चकतीच्या तोंडावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात घासा. रेघा कुठे पुसल्या गेल्या ते पाहा. मध्येच पुसल्या आणि कडेला राहिल्या तर मध्य उंच आहे. सगळ्या सारख्या जाईपर्यंत थांबू नका. मग २२० वर तेच. चकतीच्या तोंडाला याहून गुळगुळीत करू नका, कारण गोंदाला धरायला ओरखडे लागतात.

पातळ चकती बोटांनी दाबून घासली की बोट जिथे असते तिथेच ती जास्त झिजते. म्हणून ती दुतर्फी टेपने एका सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवा आणि ठोकळा धरून घासा. कातरीने कापलेल्या पत्र्याची कड वळलेली असते. ती आधी ऐरणीवर हलके ठोकून सरळ करा, नाहीतर घासता घासता चकती एका बाजूला पाचर होते.

लाकडाच्या ठोकळ्याचे तोंड हा सर्वांत त्रासाचा भाग. ते लाकडाच्या उभ्या रेषांचे टोक असते, हाताने घासताना ठोकळा डुलतो आणि कडा गोल होतात. ठोकळा सरळ धरायला एक साधा आधार करा: काचेवर एक चौकोनी जाड लाकूड उभे ठेवायचे आणि ठोकळा त्याला टेकवून दोन्ही एकत्र सरकवायचे. गुण्या लावून चारही बाजूंनी काटकोन तपासा. हे तोंड मुठीच्या अक्षाला काटकोनात नसेल तर पुढची सगळी चळत तिरकी जाईल.

तपासणी उजेडात. दोन तोंडे एकमेकांवर टेकवून दिव्यासमोर धरा. कुठूनही प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा काचेवर जा. सूतभर फट सोडाच, केसाएवढीसुद्धा इथे चालत नाही, कारण काळ्या चकतीशेजारी गोंदाची पिवळसर रेघ लगेच उठून दिसते.

एक युक्ती मी नेहमी वापरतो. ठोकळ्याच्या तोंडाचा मधला भाग, शेपटीच्या भोकाभोवतीचा, पटाशीने अगदी थोडा, ०.२ मिलिमीटरच्या आसपास खोल करतो. मग दाब सगळा बाहेरच्या पट्ट्यावर येतो, कडा घट्ट मिटतात आणि मधल्या खोलगट जागेत गोंद साठतो. कागदावरच्या आकृतीत तयार छेदाच्या कडेपासून निदान ३ मिलिमीटर आत थांबा.

भोके पाडण्याचा क्रम

इथे घाई केली तर मागचे सगळे वाया जाते, म्हणून या भागावर जास्त वेळ घालवू.

आधी शेपटीची खाच. गार्डमध्ये ती घट्ट हवी: भोकांची ओळ पाडा, बारीक कानशीने मिळवत न्या, गार्ड हाताने दाबून खांद्यांपर्यंत जेमतेम पोचेल इथे थांबा. स्पेसरमध्ये खाच सैल असली तरी चालते, कारण त्यांची जागा पिना ठरवणार आहेत. ठोकळ्यात शेपटीचे भोक दोन-तीन उभ्या भोकांनी सुरू करा आणि हॅक्सॉच्या जुन्या ब्लेडने किंवा बारीक कानशीने मधला माल काढा. पात्याला या सगळ्या काळात जाड पुठ्ठ्याची म्यान आणि त्यावर टेप गुंडाळलेली असू द्या. ठोकळ्यावर जोर लावत असताना उघडे पाते दुसऱ्या हाताजवळ असणे फार धोक्याचे आहे.

मग पिनेचे माप. सळईवर २ मिलिमीटर लिहिलेले असले तरी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, ती १.९७ किंवा २.०३ निघू शकते. बिटही स्वतःच्या मापापेक्षा किंचित मोठे भोक पाडते. टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडून पिन घालून पाहा. बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे, पण हलता कामा नये. हातोडीने ठोकावी लागली तर ते माप चुकीचे आहे, कारण गोंद लावल्यावर पिन आणखी अडते आणि मग चळत अर्ध्यावर उघडी राहते.

आता स्पेसर. सगळ्या चकत्या योग्य क्रमाने, खाचा जुळवून, दुतर्फी टेपचे बारीक ठिपके देऊन एकच चळत करा. वरच्या चकतीवर आकृती चिकटवा, सेंटर पंचने दोन्ही जागा ठोका. खाली टाकाऊ लाकूड ठेवून चळत व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने पक्की आवळा आणि ड्रिल प्रेसवर दोन्ही भोके आरपार पाडा. पातळ पत्रा बोटांनी धरून भोक पाडायला जाऊ नका. बिट पलीकडे निघताना पत्र्याला पकडते आणि पत्रा पात्यासारखा गरगर फिरतो. पितळ बिटाला स्वतःहून आत ओढते, त्यामुळे त्यात हे आणखी चटकन होते.

आता ही चळतच तुमचा साचा आहे. गार्डच्या मागच्या तोंडावर ती ठेवा, शेपटीची खाच जुळवा, क्लॅम्प लावा. चळतीच्या एका भोकातून गार्डमध्ये ३ मिलिमीटर खोल भोक पाडा. गार्ड ६ मिलिमीटर जाड असेल तर पुढच्या तोंडाला अजून ३ मिलिमीटर माल राहतो. खोलीसाठी ड्रिल प्रेसचा अडसर लावा; बिटाला गुंडाळलेल्या टेपवर इथे विसंबू नका, कारण ती सरकली तर भोक गार्डच्या चमकवलेल्या तोंडातून बाहेर येते.

एक भोक झाले. थांबा. त्यात पिन घाला. मगच दुसरे भोक पाडा. या एका सवयीने माझ्या निम्म्या अडचणी संपल्या. क्लॅम्प कितीही आवळा, बिटाच्या धक्क्याने चळत थोडीशी हलते. पहिल्या भोकात पिन असली की ती हलायची थांबते, आणि दुसरे भोक नेमके जिथे हवे तिथे पडते.

ठोकळ्याचेही तसेच. ठोकळा व्हाइसमध्ये उभा, गुण्याने दोन बाजूंनी तपासलेला. चळत त्याच्या तोंडावर, पण उलट बाजूने: गार्डकडचे तोंड वर, लाकडाकडचे खाली. शेपटीचे भोक आणि खाच मधोमध. एक भोक १० मिलिमीटर खोल, पिन, मग दुसरे. लाकडाच्या टोकावर नुसते दोन मिलिमीटरचे बिट टेकवले तर ते कडक रेषेवरून मऊ रेषेकडे घसरते. चळतीतून गेल्यामुळे त्याला वाट मिळते. दर दोन-तीन मिलिमीटरला बिट वर काढून भुसा झटका. भुसा आत कोंबला गेला तर भोक तापते, रुंदावते आणि पिन सैल होते.

शेवटी चळत सोडवा, टेपचा चिकटपणा अॅसिटोनने पुसा आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही तोंडांवर मोठे बिट हाताने एक-दोन वेळा फिरवा. भोकाच्या कडेला उभी राहिलेली बर, म्हणजे मालाची बारीक धारदार कड, डोळ्याला दिसत नाही, पण दोन सपाट तोंडांमध्ये ती खड्यासारखी बसते. भोकाच्या तोंडाशी झालेली ही छोटी उतरण जास्तीचा गोंदही सामावून घेते.

पिना कापणे

बेरीज करा. गार्डमध्ये ३, फायबर ०.८, पितळ २, पुन्हा फायबर ०.८, लाकडात १०. एकूण १६.६ मिलिमीटर. पिन १५.६ ची कापा. हा एक मिलिमीटर फार महत्त्वाचा आहे: बंद भोकात पिन पिस्टनसारखी जाते, तळाशी अडकलेल्या गोंदाला जागा मिळाली नाही तर तो पिनेला मागे ढकलतो. पिनेची दोन्ही टोके पॉलिश पेपरवर फिरवून गोल करा आणि अंगावर लांबीच्या दिशेने दोन-चार ओरखडे ओढा, म्हणजे हवा आणि गोंद बाहेर यायला वाट राहील.

पिन पितळेची, स्टेनलेस स्टीलची किंवा जी-१० च्या सळईची, कोणतीही चालते. जी-१० चा एक फायदा असा की पुढे कधी मुठीत आडवे भोक पाडावे लागले आणि बिट तिला लागले तरी ते अडकत नाही.

कोरडी जुळणी

गार्ड खांद्यांवर. त्यात दोन पिना. त्यांच्यावर एकेक चकती, मग ठोकळा. हाताने दाबा आणि दिव्यासमोर धरा.

फट दिसली तर कारण शोधायचा क्रम असा ठेवा. आधी एक पिन काढून पाहा. फट मिटली तर पिनांची भोके समांतर नाहीत, आणि त्या पिनेचे ठोकळ्यातले भोक ०.१ मिलिमीटरने मोठे केले तर काम भागते. दोन्ही पिना काढूनही फट राहिली तर शेपटी ठोकळ्यात कुठेतरी अडते आहे. शेपटीला मार्कर फासा, आत घाला, बाहेर काढा. जिथे लाकडावर डाग उमटला तिथे कानस चालवा. आणि शेपटीशिवायही फट दिसली तर सपाटीकडे परत जा. अडलेली मूठ क्लॅम्पच्या जोराने बंद करायचा मोह होतो. तो टाळा. जोराने मिटवलेली फट लाकूड आकसले की परत उघडते.

सगळे मिटले की तयार छेदाची आकृती गार्डच्या तोंडावरून आणि ठोकळ्याच्या बाजूंवरून उतरवा. मग दुतर्फी टेपचे ठिपके देऊन सगळे पुन्हा जोडा आणि आकाराच्या अर्धा मिलिमीटर बाहेरपर्यंत घासून आणा. गार्ड काढा, त्याच्या पुढच्या तोंडाला १००० नंबरपर्यंत चमक द्या, परत बसवा. पिनांमुळे तो केसभरही इकडेतिकडे जात नाही. पात्याला चिकटलेल्या गार्डचे पुढचे तोंड नीट चमकवता येत नाही, आणि पिनांचे कष्ट मला इथे सर्वांत जास्त फळतात.

गोंद, दोन टप्प्यांत

पहिल्या टप्प्यात फक्त चकत्या आणि ठोकळा. पात्याची शेपटी अजून लांबच ठेवा; तिच्या जागी त्याच मापाची पत्र्याची पट्टी मेण लावून घाला. पिना ठोकळ्यात गोंदाने बसतील, गार्डकडची टोके मात्र मोकळी राहिली पाहिजेत. म्हणून गार्डच्या भोकांना आणि मागच्या तोंडाला मेणाचा हात द्या आणि गार्डही चळतीबरोबर लावा. तो फक्त साचा म्हणून. गोंद वाळल्यावर तो सुटून येतो आणि ठोकळ्याच्या तोंडातून दोन पिना नेमक्या तीन मिलिमीटरच्या आतबाहेर डोकावत राहतात.

दुसऱ्या टप्प्यात गार्डचे मेण अॅसिटोनने पूर्ण काढा, मग गार्ड, पाते आणि मूठ एकत्र.

दोन्ही टप्प्यांत जोडायची तोंडे १२० नंबरने एकदा ओरखडा, अॅसिटोनने पुसा आणि मग बोट लावू नका. हळू वाळणारे इपॉक्सी घ्या, ज्याला तीस मिनिटे तरी हाताळायला वेळ मिळतो. पाच मिनिटांचे इपॉक्सी सहा-सात सांध्यांना पुरत नाही. शेवटच्या सांध्याला येईपर्यंत पहिला घट्ट होऊ लागतो. राळ आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. हार्डनर जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, उलट चिकट राहते. दोन मिनिटे ढवळा, कपाच्या कडा खरवडत ढवळा. हातात नायट्राइलचे मोजे हवेत, कारण इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

लाकडाचे टोक गोंद पिते. आधी एक पातळ हात द्या, पाच मिनिटे थांबा, कोरडे पडले तर पुन्हा लावा. शेपटीच्या भोकात गोंद तळापासून भरायला सुरुवात करा, बारीक काडी वरखाली करून हवा काढा, नाहीतर शेपटी आत जाताना बुडबुडा मागे राहतो. पिनेच्या भोकात मात्र थेंबाचा अंशच.

दाब हलका आणि मुठीच्या अक्षातून सरळ. दोन फळ्या आणि दोन आटेदार सळयांचा साधा शिकंजा पुरतो. पुढच्या फळीला पाते जायला खाच ठेवायची. एकदा एका बाजूचा, एकदा दुसऱ्या बाजूचा नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत न्या. प्रत्येक सांध्यातून गोंदाचे बारीक मणी चहूकडून सारखे बाहेर आले की थांबा. अति आवळले तर गोंद सगळा बाहेर निघतो आणि सांधा उपाशी राहतो.

गार्डच्या पुढच्या बाजूला, पात्याच्या बुडाशी आलेला गोंद आत्ताच काढायचा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पुसा, नवी काडी घ्या, परत पुसा. वीस मिनिटांनी परत या, कारण थोडा गोंद पुन्हा पाझरलेला असतो. कपात उरलेला गोंद फेकू नका. तो दगडासारखा झाला की नाही हे नखाने तपासा, सांध्याला हात लावून पाहायची गरज उरत नाही. तरीही चोवीस तास जाऊ द्या, थंड हवा असेल तर दुप्पट.

शेवटचा आकार

तुमच्या पुढे आता मऊ लाकूड आणि कडक धातू एकाच पृष्ठभागावर आहेत. मऊ गादीवर पेपर धरून घासले तर लाकूड खोल जाते आणि पितळ कंगोऱ्यासारखे वर राहते. पेपरमागे नेहमी कडक आधार ठेवा: लाकडाची पट्टी, जाड अॅक्रिलिक, गोलाईसाठी नळीचा तुकडा. पेपर ताजा असू द्या. बोथट पेपर लाकूड खातो आणि धातूवरून नुसता घसरतो.

बेल्ट ग्राइंडरवर काम करत असाल तर धातूच्या चकतीवर सतत लक्ष ठेवा. खोलीच्या तापमानाला वाळणारी साधी इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि पातळ पितळ तिथे काही सेकंदांत पोचते. उघडे बोट चकतीवर टेकवता येत नसेल तर थांबा, पाण्यात बुडवू नका, हवेने निवू द्या. फिरत्या बेल्टजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

मेपलसारख्या फिक्या लाकडाशेजारी पितळ किंवा तांबे असेल तर धातूची काळपट भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते आणि डाग पडतो. लाकडाला आधी पातळ सुपरग्लूचा एक हात द्या, म्हणजे छिद्रे बुजतात. घासण्याची दिशा लाकडाकडून धातूकडे ठेवा आणि प्रत्येक नंबर बदलताना भुकटी हवेने उडवा. गडद लाकडात ही कटकट नाही.

जी-१० ची धूळ म्हणजे बारीक काच, आणि काही रंगीत कडक लाकडांची धूळ अंगावर चट्टे उठवते. चांगल्या प्रतीचा पी-३ फिल्टरचा मास्क लावा, जी-१० शक्यतो ओले करून घासा. साधा कापडी रुमाल इथे काहीही अडवत नाही.

४०० किंवा ६०० नंबरवर थांबा, लाकडाला तेल द्या.

तिरके सांधे

पुढे कधी तुम्हाला चकत्या तिरक्या बसवाव्याशा वाटतील. दिसायला त्या फार सुंदर असतात, पण क्लॅम्प आवळला की तिरपे तोंड पाचरीसारखे घसरते, म्हणून तिथे पिना अधिकच गरजेच्या. दोन गोष्टी बदलतात. पिना मुठीच्या अक्षाला समांतर घ्यायच्या नाहीत, सांध्याच्या तोंडाला काटकोनात घ्यायच्या, नाहीतर चकती पिनांवर सरळ उतरत नाही. आणि शेपटीचे भोक आधी पाडायचे नाही: ठोकळा तिरका कापा, चकत्यांसकट पुन्हा चिकटवून एकसंध करा, मगच त्यातून शेपटीचे भोक न्या. पिना कुठे आहेत याची आकृती तोवर हाताशी ठेवा, कारण भोक पाडताना बिट त्यांच्या जवळून जाणार असते.